विंचला बॅटरी पुरत नाही, असं म्हणण्याआधी



पिकअपला पुढं इलेक्ट्रिक विंच बसवायची का, आणि बसवली तर बॅटरी केवढी टाकायची, हे मला आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतंच. पावसाळा तोंडावर आला की जास्तच. माझं उत्तर बऱ्याच जणांना पटत नाही. मी म्हणतो, बॅटरी आहे तीच राहू द्या, आधी गाडीत फावडं टाका. माणूस हसतो आणि बॅटरीच्या दुकानात जातो. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो, आणि सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

२०२५ च्या सप्टेंबरातला पाऊस आपल्या पाथर्डीकरांना नव्यानं सांगायला नको. एरवी आपला तालुका पर्जन्यछायेतला, आभाळाकडं बघत बसणारा. त्या पंधरवड्यात मात्र करंजी, तिसगाव, मढीकडचे ओढे पात्र सोडून रानात शिरले. आमच्या वस्तीवरून अकरा घरांचं दूध संध्याकाळी एकाच पिकअपमधून डेअरीला जातं. गाडी माझी, फेरीही माझ्याकडंच. त्या दिवशी ३८० लिटर दूध होतं. वस्तीपासून डांबरीपर्यंत दीड किलोमीटर पाणंद, त्यात मधला दोनशे फुटांचा तुकडा निव्वळ काळ्या रानातला. तिथं मागचं डावं चाक घसरलं आणि बघता बघता मागचा आस चिखलाला टेकला.

खरं सांगू का, मला काळजी वाटली नाही. उलट मनात जरा गुदगुल्याच झाल्या. आदल्या दिवाळीत हौसेनं ९,५०० पौंडांची विंच बसवून घेतली होती, तिला एकदाचं काम मिळालं होतं. पंचवीस फुटांवर बाभळ होती. तार तिच्या बुंध्याला गुंडाळली, हूक अडकवला. इंजिन बंद केलं, कारण धाकट्या भावाची हाक ऐकू यायला हवी आणि उगाच डिझेल कशाला जाळा. बटण दाबलं. गाडी फूटभर पुढं आली आणि थांबली. परत दाबलं. तीन-साडेतीन मिनिटं बटणावरचा अंगठा मी काढला नसेल. मग विंचचा आवाज बसत गेला, हेडलाइट पिवळ्या पडल्या आणि विंचच्या डब्यातून नुसती कटकट कटकट ऐकू यायला लागली. चावी फिरवली, तर सेल्फही तेवढंच बोलला.

रुतलेली डिझेल गाडी, धक्का मारून चालू करायची सोय नाही. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर ओढ्याच्या पलीकडं आणि ओढ्याला पाणी. ते उतरून ट्रॅक्टर आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. डेअरी केव्हाच बंद झालेली, दूधही नासलेलं. लिटरला ३२ रुपयांनी १२,१६० रुपये. अर्धे मी भरले, अर्धे बाकीच्या दहा घरांनी सोसले. त्यातल्या एका घरी दहा दिवसांचं दुधाचं पेमेंट म्हणजेच महिन्याचा किराणा. त्या वहिनी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर सगळ्यांचं एकच मत पडलं. बॅटरी बारीक आहे, ६५ ची काढून १०० ची टाक. मीही निघालोच होतो. वाटेत पाथर्डीत आमच्या ओळखीचे एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांच्याकडं गाडी दाखवली. त्यांनी बॅटरी रात्रभर चार्ज करून घेतली, दुसऱ्या दिवशी गाडीची तार एका झाडाला लावून थोडा ताण दिला, आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी विंचच्या अर्थिंगच्या बोल्टला धरली. मीटरवर १.४ व्होल्ट. चांगल्या जोडणीत तिथं पाव व्होल्टाच्या आतबाहेर दिसायला पाहिजे. विंच बसवणाऱ्यानं अर्थिंगची वायर बॅटरीपर्यंत न आणता बंपरच्या रंगवलेल्या पट्टीवर आवळून टाकली होती. म्हातारे म्हणाले, "तू हजाराची बॅटरी टाक नाहीतर लाखाची, हे भोक बुजवल्याशिवाय हौद भरायचा नाही."

त्यांनी तिथं वहीच्या पानावर जे गणित करून दाखवलं ते आपल्या भाषेत मांडतो. आपल्या विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर साधारण सात-आठ ॲम्पियर घेते, कारण तिला ४१५ व्होल्ट मिळतात. ९,५०० पौंडांची विंच पूर्ण भारावर ४०० ॲम्पियरच्या आसपास घेते. बारा व्होल्ट गुणिले ४०० म्हणजे ४,८०० वॅट, म्हणजे जवळजवळ साडेसहा हॉर्सपॉवर. विहिरीवरच्या मोटरीपेक्षा जास्त ताकदीचं यंत्र आपण पायरीएवढ्या बॅटरीवर चालवतोय. नुसती रिकामी तार गुंडाळायलाही ही विंच साठ-सत्तर ॲम्पियर खाते.

आता ६५ ॲम्पियर-अवरची बॅटरी ३०० ॲम्पियरवर किती चालेल? भागाकार केला तर तेरा मिनिटं येतात. प्रत्यक्षात चार-पाच मिनिटांत ती मान टाकते. बॅटरीवर लिहिलेले ६५ हे वीस तासांत सावकाश, म्हणजे सव्वातीन ॲम्पियरनं काढले तरचे असतात. जेवढ्या जोरात ओढाल तेवढं एकूण कमी मिळतं. हे पॉयकर्ट नावाच्या जर्मन माणसानं १८९७ सालीच मांडून ठेवलंय. शिवाय ती चार-पाच मिनिटं नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीची. माझी अडीच वर्षांची होती आणि तिच्यातून सेल्फपुरती वीज मागं राहायला हवी होती. तीन मिनिटांत तिनं जीव सोडला यात तिची काहीच चूक नव्हती. १०० ची असती तर फार तर आणखी तीन मिनिटं टिकली असती आणि गाडी होती तिथंच राहिली असती.

कारण खरी गडबड चिखलात होती. लष्करात रुतलेली वाहनं काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे. चाकाच्या उंचीइतकं वाहन रुतलं तर त्याला हलवायला त्याच्या वजनाइतकी ओढ लागते. मडगार्डपर्यंत रुतलं तर दुप्पट, त्याच्याही वर गेलं तर तिप्पट. माझी भरलेली पिकअप तीन टनांच्या आत नसेल. मागून तर ती आसापर्यंत बसली होती. म्हणजे ओढ तीन टनांच्या पुढं, आणि काळ्या मातीची चिकटी वेगळी. विंचचे ९,५०० पौंड म्हणजे ४,३०० किलो, पण ते फक्त ड्रमवर तारेचा शेवटचा एकच थर उरलेला असताना. तारेचा प्रत्येक थर वाढला की ड्रम जाड होतो आणि ओढ दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. मी पंचवीस फूट तार सोडली होती, बाकी सगळी ड्रमवर. म्हणजे कमी ताकदीच्या विंचला जास्त भार, तोही आडव्या बसलेल्या चिखलाच्या भिंतीतून. चाकासमोरचा चिखल फावड्यानं उकरून उतार काढला असता, आसाखालची माती मोकळी केली असती आणि दुधाचे कॅन खाली उतरवले असते, तर निम्मं काम तिथंच झालं असतं. दहा मिनिटांचं काम. दोघं भाऊ हात बांधून उभे होतो.

आमचे आप्पा सत्तरी पार केलेले. त्यांनी तरुणपणी मोट हाकलीय. हे सगळं ऐकून ते म्हणाले, "बैल सुद्धा धाव उतरून मोट रिकामी झाली की मागं येताना दम खायचे. तू तर बॅटरीला दमच खाऊ दिला नाहीस." त्यांना ॲम्पियर कळत नाहीत, पण बरोबर तेच बोलले. चाळीस सेकंद ३०० ॲम्पियरनं ओढलं तर सव्वातीन ॲम्पियर-अवर जातात. इंजिन चालू असेल तर त्यातला थोडा भाग अल्टरनेटर देतो. मग बटण सोडून, इंजिन थोडं चढवून दोन-तीन मिनिटं थांबलं तर गेलेल्यातलं बरंच परत येतं, आणि विंचची मोटरही थंड होते. पिकअपचा अल्टरनेटर सत्तर-नव्वद ॲम्पियरचा असला तरी तो आकडा चढत्या इंजिनाचा आहे. आयडलवर तो त्याच्या निम्म्यावरही येऊ शकतो. म्हणून न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, आणि पंधराशे ते दोन हजार आरपीएम. इंजिन बंद ठेवून विंच चालवणं म्हणजे विहिरीला झरा नसताना मोटर लावणं. माझं ते डिझेल किती वाचलं असेल? दहा रुपयांचं?

एक वाक्य इथं सावधगिरीचं. पाणी चढत असलेल्या ओढ्यात गाडी अडकली तर हे काही करू नका. माणसं बाहेर काढा, गाडी सोडा.

आता कप्पी. या एका गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त जोर आहे आणि विंच विकणारे तिचं नाव सगळ्यात कमी काढतात. तार झाडापर्यंत नेऊन कप्पीतून परत आणायची आणि गाडीच्याच हुकात अडकवायची. तारेवरचा भार निम्म्यावर येतो, घर्षणात थोडा जातो तेवढा सोडून. लोक म्हणतात, मग वेग पण निम्मा होतो, बॅटरी जास्त वेळ चालवावी लागते, फायदा काय? माझाही हाच प्रश्न होता. दिवाळीनंतर रिकाम्या रानात, चाकं खड्ड्यात घालून, क्लॅम्प मीटर लावून आम्ही तेच ओढकाम दोन्ही पद्धतीनं करून पाहिलं. कप्पीशिवाय मीटर साडेतीनशेच्या वर जात होता, कप्पी लावल्यावर अडीचशेच्या खाली राहिला. वेळ जवळपास तेवढाच लागला. कारण भाराखाली विंच मुळातच रांगते, भार निम्मा झाला की तिचा ड्रम जोरात फिरतो. शिवाय कप्पीमुळं दुप्पट तार सोडावी लागते, ड्रमवरचे थर कमी होतात, तिथंही ओढ वाढते. आणि व्होल्टेज कोसळत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा.

व्होल्टेज कोसळलं की काय होतं हे आपल्याला मोटरीच्या लांब, बारीक केबलवरून माहीत आहेच. विंचमध्ये आणखी एक भानगड होते. कमी व्होल्टवर तिचा कॉन्टॅक्टर घट्ट बसत नाही, फडफडतो, ठिणग्या पडतात आणि आतले पॉइंट एकमेकांना चिकटतात. ती कटकट त्याचीच. चिकटला की बटण सोडलं तरी विंच थांबत नाही, तार ओढतच राहते. माझ्या नशिबानं बॅटरीतच काही उरलं नव्हतं. म्हणून बॅटरी आणि विंचच्या मध्ये हातानं तोडायचा आयसोलेटर स्विच असलाच पाहिजे, तोही हात पोहोचेल अशा जागी. काम नसताना तो बंद ठेवला की गाडी उभी असताना वीज गळायची भीतीही राहत नाही. आणि डॅशबोर्डवर दोन-अडीचशे रुपयांचा व्होल्टमीटर लावा. ओढताना काटा अकराच्या खाली गेला की अंगठा उचला. मी आता विंचकडं कमी आणि त्या आकड्याकडं जास्त बघतो.

वायरीबद्दल थोडक्यात. तांब्याची, ३५ स्क्वेअर एमएमपेक्षा कमी नको. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर तशीच जाड दिसते आणि स्वस्त मिळते. टोक कापून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही थेट बॅटरीवर. लग हातोडीनं ठोकलेले नकोत, दाबून बसवलेले हवेत. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साठलं असेल तर गरम पाण्यात सोडा घालून धुवा. माझ्या त्या रंगवलेल्या पट्टीवर १.४ व्होल्ट जात होते, म्हणजे ३०० ॲम्पियरला चारशे वॅटच्या वर उष्णता. तेवढी शेगडी मी बंपरवर पेटवून बसलो होतो.

"पण मग दोन बॅटऱ्या लावणारे लोक येडे आहेत का?" असं एका कृषी सहाय्यक मित्रानं मला विचारलं. नाहीत. मलेशियातली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही जंगलातल्या गाड्यांची स्पर्धा २०१४ पासून गोव्यातही भर पावसात व्हायला लागली. तिथं गाड्या दिवसभर चिखलातून विंचवरच निघतात. त्यांना दोन बॅटऱ्या, मोठा अल्टरनेटर, सगळं लागतं. आपण वर्षातून चार-पाच वेळा रुततो. आपल्याला तेवढ्यासाठी चाळीस किलोचं जादा ओझं आणि दर तीन-चार वर्षांनी दोन बॅटऱ्यांचा खर्च परवडत नाही. तरी लावायचीच असेल तर मध्ये आयसोलेटर घालून लावा, म्हणजे विंचनं एक बॅटरी संपवली तरी सेल्फपुरती दुसरी शाबूत राहील. घरात पडलेली ट्रॅक्टरची जुनी बॅटरी नवीच्या शेजारी थेट समांतर जोडणारे मी पाहिलेत. ती जुनी रात्रभर नवीला पीत बसते. हा जुगाड करू नका, हात जोडून सांगतो.

आणखी एक चूक गाडी निघाल्यानंतरची. गाडी निघाली, आनंद झाला, डेअरीला जाऊन आलो, गाडी लावून दिली. पाच-सात किलोमीटरात बॅटरी भरत नाही. अर्धी रिकामी बॅटरी तशीच चार-आठ दिवस उभी राहिली की आत प्लेटांवर सल्फेट धरतं आणि पुढच्या वेळी ती ६५ ची चाळीसची झालेली असते. विंच वापरली त्या रात्री घरच्या चार्जरवर लावा, आठ-दहा ॲम्पियरच्या साध्या चार्जरवर. सकाळी काढून दोन-तीन तास तशीच ठेवली तर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ दिसले तर ती अर्धीच आहे. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं नव्हे.

विंच घ्यावी का, या मूळ प्रश्नावर आता माझं मत. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्यानं घेऊ नये. उसाच्या फडातून रुतलेली गाडी पुढं दुसरा ट्रॅक्टर जोडून कशी काढतात हे आपल्या तालुक्यातून तोडीला जाणाऱ्या माणसांइतकं कुणाला माहीत आहे? डोंगराच्या कडेला, माणिकदौंडीसारख्या भागात, जिथं हाकेला ट्रॅक्टर नाही आणि रोज दूध किंवा माल बाहेर काढायचाच आहे, तिथं घ्यावी. तिथंही आधी हातानं ओढायची चेन पुली किंवा रॅचेट पुलर घेऊन बघा. वेळ जातो, पण तिला बॅटरी लागत नाही. घेतलीच विंच, तर गाडीच्या पुढच्या भागात कापाकापी करण्याआधी आरटीओत विचारा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ रचनेत बदल करायला मनाई आहे. आणि झाडाला तार गुंडाळू नका, रुंद पट्टा लावा. त्या बाभळीची साल मी निम्मी सोलून काढली होती. तारेवर ओलं गोणपाट टाका आणि बघ्यांना तारेच्या लांबीइतकं लांब उभं करा. तुटलेली तार माणूस बघत नाही.

शेवटी एक कडू गोष्ट बोलतो, राग नको. त्या दोनशे फुटांच्या तुकड्यात मुरूम पडला असता तर मला विंचच लागली नसती. पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आहे, अडवलेली वाट खुली करायला मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे. आमच्याकडं अडलंय ते दोन बांधांच्या भांडणात, आणि त्यातला एक बांध आमचाच आहे. चुलत्यांशी बोलणं अजून माझ्याच्यानं झालेलं नाही. पस्तीस हजारांची विंच घेतली, ते सोपं वाटलं.

परवाच्या वळवानंतर पुन्हा तिथंच मागचं चाक बसलं. या वेळी दूध ३४० लिटर. कॅन उतरवले, चाकासमोर उकरलं, पट्टा, कप्पी, इंजिन चालू. चार वेळा ओढली, मध्ये मध्ये थांबून. व्होल्टमीटर एकदाच ११.३ ला गेला. अठरा मिनिटांत बाहेर आलो आणि सात वाजून दहा मिनिटांनी डेअरीत माप झालं. निघताना धाकटा म्हणाला, "दादा, फावडं राहिलं रानात." गाडी थांबवून तो परत पळत गेला.